हालचालीची भीती: कळंब–राळेगाव पट्ट्यातल्या प्रकल्प नोंदी

१४ मे २०२४

कामाचा आवाका ठरला. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब आणि राळेगाव तालुक्यांतली गावं. एक पाय गुडघ्याखालून किंवा गुडघ्यावरून कापलेली, कृत्रिम पाय मिळून तीन महिने उलटलेली, आणि तरीही तो घालून घराबाहेर न पडणारी प्रौढ माणसं. पाय गेल्याची कारणं वेगवेगळी: मधुमेहात चिघळलेली जखम, रस्त्यावरचा अपघात, मळणी यंत्र, बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या बंद पाडणारा बर्जरचा आजार, कधी सर्पदंशानंतर सडलेलं मांस. पुढचं चित्र मात्र सारखंच दिसतं. पाय खुंटीला आणि माणूस बाजेवर.

या भीतीला ‘कायनेसिओफोबिया’ हे नाव १९९० साली जुनाट वेदनांच्या संदर्भात मिळालं. दुखतं किंवा एकदा पडणं होतं, म्हणून माणूस हालचाल टाळतो. टाळल्याने मांडीचे आणि खुब्याचे स्नायू बारीक होतात, गुडघा वाकलेला आखडतो, आणि मग उभं राहिल्यावर तोल खरोखरच जातो. भीती अशी शरीरात उतरते. ‘मनातून काढून टाका’ एवढं सांगून ती जात नाही.

कामाचा क्रम: आधी कातडी आणि सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, ज्यात कापलेल्या पायाचा उरलेला भाग बसतो), मग साखर, रक्तदाब व नजर, आणि शेवटी भीती. हा क्रम उलटा करायचा नाही. सैल सॉकेटच्या माणसाला धीर देऊन उभं करणं म्हणजे त्याला पाडणं.

२२ मे

मोजमापाची साधनं ठरवली. हालचालीची भीती मोजणाऱ्या टॅम्पा मापपट्टीत १७ विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १७ ते ६८. ४, ८, १२ आणि १६ ही विधानं उलटी असल्याने त्यांचे गुण फिरवून धरायचे. बेरजेत चूक होते ती बहुतेक इथेच. फॉर्मवर हे चार आकडे आधीच गोल करून ठेवले. ३७ च्या वर गुण गेले की भीती जास्त, असं धरतात. पण हा आकडा पाठदुखीवाल्यांवरून आला आहे. पाय गेलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावून ‘रुग्ण’ आणि ‘ठीक’ अशी विभागणी आम्ही करणार नाही. त्याच माणसाचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडून बघायला पट्टी उपयोगाची आहे.

तिची दुसरी उणीव मोठी आहे. ती दुखण्याबद्दल आणि इजा वाढण्याबद्दल विचारते, पडण्याबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही. कॅनडात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाय कापलेल्यांपैकी ५२.४ टक्के लोक वर्षभरात किमान एकदा पडले होते आणि ४९.२ टक्के लोकांना पडण्याची भीती होती. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत ऐकू आलं ते हेच: “पडलो त उचलन कोन?” म्हणून तोलावरच्या विश्वासाची १६ प्रश्नांची एबीसी मापपट्टी सोबत घेतली. त्यात सरकते जिने आणि बर्फाचा फुटपाथ आहे. हे प्रश्न बदलले तर गुणांची तुलना इतरांशी करता येत नाही; ठेवले तर इथला माणूस अंदाजाने काहीतरी आकडा सांगतो. मूळ पट्टी तशीच ठेवून, गावातल्या हालचालींची चित्रकार्डं वेगळी करायची असं ठरलं.

चालण्यासाठी ‘उठा-चाला’ चाचणी: खुर्चीतून उठणं, ३ मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला १९ सेकंद किंवा जास्त लागले तर तो पुन्हापुन्हा पडण्याची शक्यता जास्त धरायची. खुर्ची प्रत्येक वेळी तीच न्यायची. हात नसलेली, हलणारी प्लास्टिकची खुर्ची वापरली तर वेळ पायाची न मोजता खुर्चीची मोजली जाते.

३० मे

उन्हाळा. दुपारी घरात बसूनही सॉकेट घामाने भरतं. सॉकेटच्या एचडीपीई प्लास्टिकच्या नळीतून हवा जात नाही; मोजा ओला झाला की स्टंप (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) आत सरकतो, आणि सरकल्याची ती जाणीवच पडण्याची भीती जागी करते. दर दोन तासांनी पाय काढून स्टंप पुसणे, कोरडा सुती मोजा घालणे. प्रत्येकाकडे किमान तीन मोजे हवेत. पावडर जाड थापू नये, घामात तिच्या गुठळ्या होऊन कातडी सोलते.

७ जून, मृग

सॉकेट तपासणीची पद्धत पक्की केली. गुडघ्याखालच्या पायासाठी:

मोजा घालून पाय चढवायचा आणि वजन दोन्ही पायांवर घेऊन उभं राहायला सांगायचं. गुडघ्याची वाटी सॉकेटच्या काठाखाली बुडत असेल तर स्टंप फार खाली गेला आहे. वजन वाटीखालच्या जाड शिरेवर आणि नडगीच्या आतल्या उतारावर पडायला हवं, ते पडतं टोकावर. टोकावर पडलेलं वजन भाजल्यासारखं दुखतं, आणि असा माणूस सांगतो की ‘पाय टेकवायची भीती वाटते’. इथे भीतीचं कारण तळाशी बसलेलं आहे. खात्रीसाठी कणकेची सुपारीएवढी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॉकेटच्या तळाशी टाकायची आणि चार पावलं चालवायचं. गोळी पार चपटी झाली तर स्टंप तळाला बसतो आहे. गोळीला धक्काही लागला नाही तर तळाशी पोकळी आहे. ती मोठी असेल तर टोक सुजतं, काळपट होतं.

स्टंप खाली जात असेल तर मोज्यांचे थर वाढवायचे. एकावेळी एक थर, मग पुन्हा चालवून बघायचं. थर वाढवत वाढवत दहा-बाराच्या पुढे जाऊ लागले तर मोज्याने भागणार नाही, सॉकेट बदलायला हवं. पहिल्या वर्षात स्टंप आटतो, त्यामुळे हे अपेक्षितच असतं. कुणी सांगितलेलं नसलं की माणूस घरच्या चिंध्या कोंबतो आणि चिंधीची घडी बरोबर हाडावर येते. दाब नेमका कुठे पडतो ते पाहायला त्या हाडावर मोज्यावरून लिपस्टिकचा ठिपका द्यायचा. पाय काढल्यावर सॉकेटच्या आत डाग दिसतो. पोटरीच्या बाहेरच्या हाडाचं डोकं, नडगीची धार आणि टोक या तीन जागांवर डाग नको.

पाय काढल्यावर राहिलेली लाली १०–२० मिनिटांत गेली पाहिजे. राहिली, फोड आला किंवा कातडी फाटली तर त्या दिवशीचा सराव बंद.

टाचेची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. पाय ज्या चपलेवर जुळवला तीच टाच पुढेही लागते. जाड टाचेची चप्पल घातली की गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणसाला वाटतं तोंडावर पडू. बुटावर जुळवलेला पाय घरात अनवाणी वापरला की गुडघा मागे रेटला जातो आणि सपाट जमिनीवरही चढण लागते. जयपूर फूट अनवाणी चालण्यासाठी आणि उकिडवं बसण्यासाठी केलेला आहे, त्यामुळे इथल्या घरांना तो चांगला बसतो. पण त्यावरही एकदा चप्पल, एकदा गमबूट असं चालवलं तर तीच गडबड होते. ‘कोणत्या चपलेत भीती वाटते?’ हा प्रश्न फॉर्मवर वाढवला.

१५ जून

चित्रकार्डं. पाठदुखीसाठी रोजच्या हालचालींच्या १०० फोटोंचा संच आधीपासून वापरात आहे. कल्पना तिथली, चित्रं इथली. ३६ कार्डं, ४ × ६ इंच, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, कारण ओल्या आणि मातकट हातांनी ती हाताळली जाणार. न्हाणीतली ओली फरशी. संडासाचं भांडं. ओट्याची कठडा नसलेली पायरी. गोठ्यातलं शेण-मूत. नालीवरची फळी. पांदण, एक कोरडी आणि एक गाऱ्याची (चिखलाची). धुरा, म्हणजे शेताचा बांध. बंडीत (बैलगाडीत) चढणं. एसटीची पहिली पायरी. मोटारसायकलवर मागे बसणं. पाण्याची गुंडी घेऊन चालणं. वीज गेलेल्या घरात रात्री उठणं. जमिनीवर जेवायला बसणं, आणि त्याहून अवघड, जेवून उठणं.

फोटो माणसाच्या स्वतःच्या नजरेतून काढायचे: पायरीवर उभं राहून खाली बघताना जशी दिसते तशी पायरी. दुसरा कुणी चढतानाचा फोटो दाखवला की लोक ‘त्याला जमतं’ म्हणतात आणि स्वतःचं काही सांगत नाहीत. पडलेल्या माणसाचा फोटो एकही नाही.

मांडणी: जमिनीवर एक मीटरची दोरी, तिच्यावर ० ते १०० च्या खुणा, दर दहाला गाठ. कार्ड भीतीच्या जागी ठेवायचं. घरच्यांना त्या वेळी बाहेर पाठवायचं, नाहीतर कार्डं तेच ठेवतात.

२९ जून

दोरीवरची मांडणी बघता पुरुष शेतातली कार्डं वर ठेवतात. बायका न्हाणी, पाण्याची गुंडी आणि चुलीजवळून उठणं. शंभराच्या जवळ ठेवलेली बरीच कार्डं पाय न घालता करायच्या हालचालींची निघाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रशिक्षण कृत्रिम पाय घालून होतं. आंघोळ, रात्रीची लघवी आणि पहाटेचं उठणं त्या पायाविना होतं. ओल्या फरशीवर एका पायाने उडी मारणं खरंच धोक्याचं आहे आणि तिथली भीती आम्ही कमी करणार नाही. तिथे बदलायची ती न्हाणी: बसायला जड लाकडी पाट किंवा रुंद पायांचं स्टूल, भिंतीला कमरेच्या उंचीवर पाइप, दारापर्यंत कुबडी किंवा वॉकर.

रात्रीचा धोका वेगळा. गेलेला पाय झोपेत ‘असतो’. अर्धवट जागा झालेला माणूस त्या पायावर उभा राहायला जातो आणि सरळ स्टंपवर आदळतो. उपाय साधा आहे: बाजेच्या ज्या बाजूने उतरतो तिथेच, पाय नसलेल्या अंगाला, वॉकर इतका जवळ ठेवायचा की खाली पाय सोडताना हाताला तो लागलाच पाहिजे. उशाशी टॉर्च. उठल्यावर बाजेच्या काठावर बसून दोन मिनिटं थांबणं, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी.

१० जुलै

जमिनीवरून उठणं. आमच्या मते पूर्ण कार्यक्रमातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य हेच. स्वतःहून उठता येतं हे कळलं की पडण्याचा अर्थ बदलतो.

पाय घालून, गुडघ्याखालच्यांसाठी: बसल्या जागेवरून चांगल्या पायाच्या कुशीवर वळा. दोन्ही तळहात टेकून चौरंगी व्हा, म्हणजे हात-गुडघ्यांवर या. बाजेच्या किंवा ओट्याच्या काठावर दोन्ही हात. चांगला पाय पुढे आणून पाऊल पूर्ण टेका. कृत्रिम पायाचा गुडघा जमिनीवरच. पुढे झुका, हातांनी आणि चांगल्या पायाने रेटा, आणि उभं राहिल्यावर मगच कृत्रिम पाय बाजूला आणा. घाईत लोक कृत्रिम पाय पुढे घेतात. त्यावर जोर देता येत नाही आणि माणूस पुन्हा बसतो. गुडघा टेकायला घडी केलेलं पोतं लागतं, कारण सॉकेटचा काठ मांडीमागच्या शिरांना रुततो.

पाय न घालता: पाठ बाजेकडे. मागे १० सेंटिमीटरचा ठोकळा, त्यामागे २० चा, मग बाज. तळहातांनी कुल्ले उचलून एकेक टप्पा मागे सरकत चढायचं. ठोकळे हलता कामा नयेत, भिंतीला टेकवूनच ठेवायचे.

पडण्याचा सरावही इथेच. सोयाबीनचं कुटार (भुसा) भरलेली पोती, त्यावर गादी. प्रथम गुडघ्यांवरून, मग बसक्या स्टुलावरून. काठी हातातून सोडून द्यायची, हनुवटी छातीकडे, कोपरं थोडी वाकवून तळहात, आणि शरीर चांगल्या अंगावर लोळवायचं म्हणजे स्टंपचं टोक वाचतं. ठिसूळ हाडं, उघडी जखम, ताजं ऑपरेशन किंवा हृदयविकार असेल तर हा सराव नाही. त्यांना फक्त उठणं शिकवायचं.

१९ जुलै

गारा. आषाढी झाली, पांदणी बंद झाल्या. काळी जमीन चिकण मातीची. भिजली की फुगते, पायाला धरते आणि सोडत नाही. भुई सपाट असलेल्या हॉलमध्ये समांतर दांड्यांत शिकलेली चाल इथे अजिबात कामाची नाही.

यांत्रिक बाजू अशी: पाऊल रुतलं की खाली पोकळी धरते. चांगला पाय घोटा फिरवून ती सोडवतो. कृत्रिम पायाला तसा घोटा नाही. माणूस वर ओढतो, पाऊल जागेवर राहतं, सॉकेट स्टंपवरून खाली घसरतं. पुढचं पाऊल सैल सॉकेटमध्ये. म्हणून आधी लटकवण्याची व्यवस्था सुधारायची. गुडघ्यावरची चामडी पट्टी पावसात भिजून लांबते आणि भोकं मोठी होतात. ती कापडी-नायलॉनची करून घ्यावी. शेतात जाणाऱ्याला कमरपट्टा आणि त्याला जोडलेली वाय आकाराची लवचीक पट्टी लावली की ओढ कमरेवर येते. बरेच जण सायकलच्या ट्यूबचा तुकडा मांडीला गच्च आवळतात. ते थांबवायला हवं: रक्त परत फिरत नाही, स्टंप सुजतो, आणि संध्याकाळी पाय निघत नाही.

चाल: पाऊल लहान, दोन्ही हातांत काठ्या. आधी टाच सोडवायची, हवा आत शिरू द्यायची, मग गुडघा सरळ वर. काठी रुतू नये म्हणून जुन्या टायरची ८–१० सेंटिमीटर व्यासाची चकती टोकापासून तीन बोटं वर बसवली. दर थोड्या अंतरावर थांबून खुरप्याने दोन्ही तळवे खरवडायचे. एका तळव्याला मातीचा थर चढला की त्या बाजूचा पाय तेवढा लांब होतो आणि तोल बिघडतो. गाऱ्यातून आल्यावर पाय धुऊन सावलीत, उलटा टांगून वाळवणे.

ज्यांना शेतात जायलाच हवं असं नाही, त्यांना गाऱ्याचं कार्ड वगळू दिलं. प्रत्येक भीती जिंकायची गरज नसते.

५ ऑगस्ट

सराव-पत्रक. डावीकडे हालचाल. मग ‘काय होईल असं वाटतं?’ हे त्या माणसाच्या शब्दांत: ‘पाय आतून वळंल’, ‘टोक फुटंल’. ‘भीती वाटते’ एवढंच लिहिलं तर तपासायला काही उरत नाही, म्हणून नेमकं काय मोडेल, दुखेल किंवा घसरेल ते काढून घ्यायचं. पुढे भीती ० ते १०, करण्याआधी आणि केल्यावर. शेवटी: प्रत्यक्ष काय झालं. सुरुवात दोरीवरच्या ३०–४० मधल्या कार्डापासून. अगदी खालच्या कार्डापासून केली तर माणसाला नवं काहीच कळत नाही.

तीच हालचाल वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, वेगळ्या चपलेत करून घ्यायची. आपल्या ओट्यावर जमलं म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर जमेलच असं नाही. पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम आधी. उतारावर आडवं, चांगला पाय चढाच्या बाजूला. एसटीसाठी १०, १५, २० आणि ३० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, आणि धरायला उभा बांबू.

आधार देणाऱ्याने कृत्रिम पायाच्या बाजूला, जरासं मागे उभं राहायचं. बाजेची नवार दुहेरी करून कमरेला बांधली की धरायला चांगला पट्टा होतो. एक हात पट्ट्याला, दुसरा खांद्याजवळ पण न टेकवलेला. हात धरून चालवायचं नाही. हात धरला की ‘तुमच्यामुळे पडलो नाही’ हाच धडा मिळतो. नजर पावलांवर खिळवणं, श्वास रोखणं, गुडघा ताठ ठेवणं, मुलाचा खांदा पकडणं या सवयीही पत्रकात लिहायच्या आणि एकेक सोडवायच्या.

२ सप्टेंबर, पोळा

गर्दी, ढोल, सजवलेले बैल. मागे आणि आडवं पाऊल टाकण्याचा सराव आधीच्या आठवड्यात घेतला. बैल वळला की माणसाला पुढे चालता येऊन भागत नाही. बैलाजवळ उभं राहताना कृत्रिम पाय बैलाच्या बाजूला नको.

१८ सप्टेंबर

घरची माणसं. ‘बाबाजी, तुम्ही बसा, मी आणतो’ यात माया आहे, आणि त्याच मायेने पाय खुंटीला जातो. ‘मदत करू नका’ सांगितलं तर घरच्यांना ते निष्ठुर वाटतं, म्हणून कामं वाटून दिली: सुनेने सकाळी आरसा धरून स्टंपची मागची बाजू बघायची, मुलाने पट्टीची भोकं आणि शिवण तपासायची, नातवाने पत्रकावर आकडा लिहायचा. पाणी मात्र बाबाजींनी स्वतः उठून घ्यायचं. पडले तर धावून बगलेतून उचलायचं नाही. आधी ‘कुठं लागलं?’, मग बाज जवळ ओढायची आणि त्यांना उठू द्यायचं.

मधुमेह असलेल्यांच्या घरी आणखी एक सूचना. थरथर, घाम आणि धडधड ही भीतीचीही लक्षणं आणि साखर उतरल्याचीही. साखर मोजा, ७० च्या खाली असेल तर आधी साखरपाणी, सराव नंतर. उरलेल्या पायाचा तळवा रोज बघायचा. संवेदना कमी असेल तर एमसीआरची (मऊ रबरी तळाची) चप्पल, घरातसुद्धा.

७ ऑक्टोबर

गुडघ्यावरून पाय गेलेल्यांचा गट वेगळा घेतला. यांची भीती बहुतांशी एकच: गुडघा अचानक दुमडणे. टाच टेकताच खुबा मागे रेटला तर गुडघा सरळ राहतो. त्यासाठी पोटावर झोपून मांडी मागे उचलण्याचा व्यायाम आणि रोज दोन-तीनदा २०–३० मिनिटं पालथं झोपणं. खुबा पुढे आखडलेला असेल तर मागे रेटताच येत नाही, मग सराव कितीही घ्या. स्टंपखाली उशी घेऊन झोपण्याची सवय हे आखडण्याचं नेहमीचं कारण. खाचखळग्यांत आणि चिखलात कुलूपवाला गुडघा लावून चालणं योग्य. तिथे कुलूप म्हणजे माघार नव्हे. बसण्याआधी ते सोडायला विसरतात, म्हणून खुर्चीचा सराव कुलपासह घ्यायचा.

या लोकांना दमही लवकर लागतो. चालण्याला गुडघ्याखालच्यांपेक्षा बरीच जास्त शक्ती खर्च होते. ‘नाही जमत’ ऐकू आलं की आधी विचारायचं: भीती की थकवा? थकव्याला विश्रांतीचे टप्पे लागतात, समजावणं लागत नाही.

२५ ऑक्टोबर

सोयाबीन निघालं. जमीन वाळून भेगाळली. कुबडीचं टोक भेगेत अडकतं. रबरी बूच झिजून गोल झालं असेल तर बदला. रुंद बूच घ्या.

१४ नोव्हेंबर

कापूस वेचणी. पोटावर ओटी बांधली की पावलं दिसत नाहीत, आणि नजरेच्या आधाराने चालणाऱ्याची भीती तिथेच परत येते. ओझं आधी २ किलो, मग ५. कमरेभोवती दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं, एका खांद्यावर नको. पऱ्हाटीच्या दोन ओळींत काठीला जागा नसते, म्हणून धुऱ्याजवळच्या ओळीपासून सुरुवात, आणि दर ओळीच्या शेवटी बसायला पोतं. सकाळी दहिवर असतं, बांधावरचं गवत निसरडं. काम ऊन आल्यावर सुरू करायचं. संध्याकाळी स्टंपची तपासणी सक्तीची, कारण कामाच्या नादात दुखणं लक्षात येत नाही.

२ डिसेंबर

टॅम्पा, एबीसी, उठा-चाला आणि दोरी पुन्हा घेतली. टॅम्पाचे गुण फारसे न हलता दोरीवरची कार्डं खाली सरकलेली दिसतात. याचा अर्थ आम्ही असा लावतो: दुखण्याबद्दलचं मत हळू बदलतं, विशिष्ट पायरीबद्दलचं लवकर. म्हणून एकाच पट्टीवर निकाल ठरवू नये. ज्यांच्या बाबतीत काहीच हललं नाही, त्यांची सॉकेट तपासणी पुन्हा लावली आहे. गेलेल्या पायात विजेसारखी कळ येऊन चाल थांबते अशांसाठी आरसा-उपचार सुरू: साधा उभा आरसा दोन पायांच्या मध्ये, चांगल्या पायाच्या हालचाली आरशात बघत रोज १५ मिनिटं, चार आठवडे.

न्हाणीचं कार्ड जवळपास सर्वांच्या दोरीवर वरच आहे. जानेवारीत पाइप आणि पाटाचं काम घरोघरी करायचं. लागणारं सामान प्रत्येक घरी: सव्वा इंची जीआय पाइप ३ फूट, दोन फ्लँज, भिंत विटांची असेल तर फास्टनर, मातीची असेल तर जमिनीत गाडलेला खांब. मातीच्या भिंतीत पाइप बसवायचा नाही, तो वजनाने उखडतो.